वाचकांचे प्रश्न : दीवला जावे का, आणि कसे जावे?

दीव बेटाच्या सहलीविषयी आलेल्या पत्रांमधून काही प्रश्न निवडून या वेळी त्यांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही पतीपत्नी दोघेही साठी ओलांडलेले आहोत. गोव्याला अनेकदा जाऊन आलो, पण आता तेथील गर्दी सोसवत नाही. समुद्र, जुनी पोर्तुगीज वस्ती आणि शांतता हे तिन्ही मिळेल असे ठिकाण म्हणून दीवचे नाव कोणी सुचवले. एवढ्या लांब जाण्यासारखे तेथे काही आहे का? किती दिवस पुरतील?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अवश्य जावे, मात्र दीव म्हणजे धाकटा गोवा अशी कल्पना मनात ठेवून जाऊ नये. १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य होईपर्यंत दीवचा कारभार पणजीहून चालत असे आणि नकाशावर ही दोन्ही नावे एकत्र लिहिली जात, एवढ्यावरून पुष्कळांची तशी समजूत होते. प्रत्यक्षात दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, उना गावाजवळ, अरुंद खाडीने मुख्य भूमीपासून वेगळे झालेले लहानसे सपाट बेट आहे. तेथील भाषा गुजराती आहे, बहुसंख्य वस्ती हिंदू आहे आणि ख्रिस्ती कुटुंबे थोडीच उरली आहेत. गोव्याचा तांबडा जांभा आणि माडांची दाट सावली येथे आढळणार नाही. येथील घरे, तट आणि चर्च फिकट पिवळसर दगडाची आहेत आणि दिवसभर त्यांवर समुद्राचे लख्ख ऊन असते.

बेटाच्या पूर्व टोकाला दीव शहर आहे आणि आमच्या मते तेच या सहलीतील सर्वांत मोलाचे ठिकाण आहे. पश्चिमेकडे तटबंदी आणि झांपा दरवाजा, पूर्वेकडे किल्ला आणि मधल्या भागात अरुंद गल्ल्या, अशी त्याची रचना आहे. गल्ल्यांतील जुन्या हवेल्यांच्या दारांवर आणि सज्जांवर गुजराती कोरीव काम आणि पोर्तुगीज धाटणीची सजावट एकत्र आलेली दिसते. अनेक घरांना कुलपे असतात. दीवच्या व्यापाऱ्यांचा आणि विणकरांचा मोझांबिकशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध होता. पुढे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे असंख्य कुटुंबे पोर्तुगालला आणि तेथून इंग्लंडला गेली. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे ती बंद घरे केवळ पडीक वाटत नाहीत.

शहरातील तीन जुनी चर्च एकमेकांपासून जवळ असल्यामुळे एका सकाळी सावकाश पाहून होतात. सेंट पॉल चर्चचे बांधकाम १६०१ मध्ये सुरू झाले. तेथे आजही नियमित उपासना होते आणि आतील लाकडी कोरीव काम बसून पाहण्यासारखे आहे. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चचा उपयोग रुग्णालयासाठी झाला, त्यामुळे ते बाहेरूनच पाहावे.

मुक्काम तीन रात्रींचा ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातून दिवाळीचा आठवडा आणि वर्षअखेर वगळावी. रेल्वेने जायचे असल्यास वांद्रे टर्मिनसहून वेरावळला थेट गाडी आहे, तेथून दीव साधारण ९० किलोमीटर आहे. दीवला विमानतळही आहे, परंतु विमानांची वेळापत्रके वरचेवर बदलतात, म्हणून आधी चौकशी करूनच बेत आखावा. बेट सपाट असल्यामुळे रिक्षाने फिरणे आपणांस जड जाणार नाही. किल्ल्याच्या चढणीसाठी मात्र सकाळची वेळ राखून ठेवावी.

प्रश्न : मी शाळेत इतिहास शिकवते. विद्यार्थ्यांना रेवदंड्याचा आणि वसईचा किल्ला दाखवला आहे. दीवच्या किल्ल्याचा आपल्या किनाऱ्याशी काही संबंध आहे का? तो पाहताना कशाकडे लक्ष द्यावे?
(एक शिक्षिका, अलिबाग)

उत्तर : संबंध फार जवळचा आहे, आणि त्याचा धागा आपल्या तालुक्यातूनच निघतो. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलूक सुलतानाच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना गाठले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायचा म्हणून आल्मेदा सगळा ताफा घेऊन उत्तरेकडे निघाला, आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर इजिप्त, गुजरात आणि कालिकतचा राजा झामोरीन यांच्या एकत्रित आरमाराचा त्याने पराभव केला. हिंदी महासागरातील व्यापारावर पोर्तुगीजांचा जो वचक बसला, त्याची सुरुवात बरेच इतिहासकार या दिवसापासून मानतात.

तरीही दीव त्यांच्या हाती लगेच आले नाही. गुजरातच्या सुलतानाचा सुभेदार मलिक अयाझ याने ते मुत्सद्देगिरीने सांभाळले. पुढे हुमायूनच्या स्वारीने अडचणीत आलेल्या सुलतान बहादूरशाहाने १५३४ मध्ये वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना दिली आणि दुसऱ्या वर्षी दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. म्हणजे वसईचा आणि दीवचा किल्ला ही एकाच राजकीय संकटाची फळे आहेत. १५३७ मध्ये पोर्तुगीज जहाजावरील भेटीहून परतताना दीवच्या समुद्रातच बहादूरशाहाचा अंत झाला. त्यानंतर दीवला दोन मोठे वेढे पडले : १५३८ मध्ये सुएझहून आलेल्या तुर्की आरमाराचा आणि गुजरातच्या सैन्याचा, आणि १५४६ मध्ये पुन्हा गुजरातचा. दुसऱ्या वेढ्यात किल्ल्याची इतकी पडझड झाली की तो नव्याने बांधावा लागला. त्यासाठी गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले. याच वेढ्यात त्याचा तरुण मुलगाही मरण पावला होता. वर्गात ही हकिगत सांगितल्यास मुलांच्या ती नक्की लक्षात राहील, कारण तहांच्या तारखांपेक्षा त्या काळातील प्रतिष्ठेची कल्पना तिच्यातून अधिक नेमकी कळते.

किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे आणि जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक आहे. आत जाताना प्रथम या खंदकाची खोली आणि दुहेरी तटाची मांडणी पाहावी. तोफांचे युग सुरू झाल्यावर उंच, सरळ भिंतींऐवजी जाड आणि पुढे आलेले बुरूज का बांधावे लागले, ते येथे डोळ्यांसमोर दिसते. वर दीपगृह आहे, तटांवर तोफा आहेत आणि खाडीच्या मुखाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हा छोटा दुर्ग तेथून स्पष्ट दिसतो. वसईची चर्च छप्पर गेलेल्या अवस्थेत उभी आहेत, कारण १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तेथील पोर्तुगीज वस्ती उठली. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालकडेच राहिले. हा दोनशे वर्षांहून अधिक काळाचा फरक दोन्ही ठिकाणी दगडादगडांत दिसतो, आणि म्हणूनच दोन्ही किल्ले पाहिलेल्या विद्यार्थ्याला इतिहासाची जाण अधिक येईल असे आम्हांला मनापासून वाटते.

किल्ल्याहून परतताना चक्रतीर्थ किनाऱ्याजवळील खुकरी स्मारकाला मुलांना आवर्जून न्यावे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री मुंबईहून निघालेली ‘आयएनएस खुकरी’ ही युद्धनौका दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली आणि १८ अधिकारी व १७६ नौसैनिकांना वीरमरण आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी शेवटपर्यंत नौका सोडली नाही.

प्रश्न : सोबत दोन लहान मुले असतील. पाण्यात उतरण्यासाठी कोणता किनारा योग्य?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : घोघला. हा किनारा बेटावर नसून पुलाच्या पलीकडे मुख्य भूमीवर आहे, पण दीव जिल्ह्यातच मोडतो. तो लांब आणि रुंद आहे, आणि २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे मानांकन मिळालेल्या देशातील पहिल्या आठ किनाऱ्यांत त्याचा समावेश होता. नागोआचा अर्धवर्तुळाकार किनारा अधिक प्रसिद्ध आहे, मात्र जलक्रीडा आणि गर्दी तेथेच असते. मुलांना न्यायचे असल्यास सकाळी लवकर न्यावे. तेथे खोडाला फांद्या फुटलेले ताडासारखे वृक्ष दिसतील. स्थानिक लोक त्यांना होका म्हणतात, आपल्याकडे त्यांना रावणताड म्हणतात. जालंधर आणि चक्रतीर्थ हे किनारे खडकाळ असल्यामुळे बसण्यासाठी चांगले, पोहण्यासाठी नव्हेत. पावसाळ्यात कोठेही पाण्यात उतरू नये.

प्रश्न : आम्ही बडोद्याचे मराठी. आमच्याकडे दीव म्हटले की लोकांना मद्यच आठवते. अशा ठिकाणी आईवडिलांना आणि मुलींना न्यावे का? सोमनाथ आणि गीर त्यातच जोडता येईल का?
(एक वाचक, बडोदा)

उत्तर : गुजरातमध्ये दारूबंदी असल्यामुळे शेजारच्या केंद्रशासित दीवमध्ये शनिवार-रविवारी तशी गर्दी होते, हे खरे आहे. तिचा त्रास मुख्यतः नागोआ परिसरात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत होतो. सोमवार ते गुरुवार जावे आणि राहण्याची सोय दीव शहरात किंवा घोघल्याला करावी. मग हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. परतीच्या वाटेवर सामानात मद्याची बाटली असणे गुजरातच्या कायद्याने गुन्हा आहे आणि सीमेवर तपासणी होते, हे वाहनचालकालाही आधीच स्पष्ट सांगून ठेवावे.

आईवडिलांना फुदम गावाजवळचे गंगेश्वर महादेवाचे स्थान आवडेल. समुद्रालगतच्या खडकात पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावर येतात; ती पांडवांनी स्थापिली अशी श्रद्धा आहे. पायऱ्या ओल्या असतात, तेव्हा भरतीची वेळ विचारून आणि हात धरून उतरवावे. बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचे बंदर आहे. तेथे होड्यांची बांधणी आणि वाळत घातलेली मासळी पाहायला मिळते. वासाचा त्रास होणाऱ्यांनी मात्र हा फेरा टाळावा.

सोमनाथ आणि गीर सहज जोडता येतात. आधी दीव, मग सोमनाथ आणि शेवटी गीरमधील सासण असा क्रम ठेवल्यास परतीचा प्रवास बडोद्याच्या दिशेने होतो. गीरची जंगल सफारी १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असते आणि तिचे परवाने आधी घ्यावे लागतात, म्हणून प्रथम परवान्याची तारीख पक्की करावी आणि तिच्या आधीचे दिवस दीवसाठी ठेवावेत.