रॅम्बल म्हणजे प्रत्येक वेळी भटकणं नाही

अगं, तुझं भाषांतर वाचलं, चांगलं चाललंय, पण एक सांगते, इंग्रजीत रॅम्बल (ramble) दिसलं की लगेच भटकणं लिहू नकोस. "आजोबा भटकत राहिले" लिहिलंयस, पण ते तर खाटेवर पडून बोलतायत ना, मग तिथे पाल्हाळ लावलं किंवा तापात असतील तर बरळत राहिले असंच हवं. चालण्यातही फरक आहे बघ, इंग्लंडमधला रॅम्बल म्हणजे रानावनातून, शेताच्या पायवाटांनी मजेत केलेली लांब भटकंती, आपण रविवारी वेताळ टेकडीवर जातो तसं काहीसं, त्याला पायपीट म्हटलंस की सगळा आनंदच गेला. तिकडे या चालण्यासाठी लोक भांडलेत, १९३२ साली किंडर स्काउट नावाच्या डोंगरावरच्या खाजगी माळावर शेकडो जण मुद्दाम घुसले आणि काहींना तुरुंगवास झाला, त्यामुळे तिथल्या रॅम्बलरला भटक्या म्हणणं मला अजिबात पटत नाही, पदभ्रमण करणारा बरं. बागेतला रॅम्बलर म्हणजे वेलीसारखा पसरणारा गुलाब, आणि रॅम्बलिंग घर म्हणजे वाड्याला खोल्या जोडत जोडत ऐसपैस, वेडंवाकडं वाढलेलं. आधी कोण आणि काय रॅम्बल करतंय ते बघ, मगच शब्द शोध.