टीम सांभाळता येते, मग बाळ का नाही?

प्रश्न : ताई, माझं वय ३८, पहिलंच बाळ, अडीच महिन्यांचं. चौदा वर्षं नोकरी झाली, बारा जणांची टीम सांभाळते, आणि इथे पाच किलोचं बाळ मला रडवतंय. झोप, दूध, शी-शू सगळं एक्सेलमध्ये लिहिते, तरी पॅटर्न काही बसत नाही. माझी जाऊ २४ची, तिचं बाळ कडेवर घेऊन ती आरामात फोनवर हसत असते. मला उशीर झाला का? आणि खरं सांगू, ऑफिसची तारीख कधी येते याची मी वाट बघतेय, मग त्याचंच अपराधी वाटतं.

उत्तर : रात्री तीन वाजता, बाळ छातीशी आणि तू एका अंगठ्याने आकडे भरतेयस, डोळ्यासमोर आलं माझ्या :) पॅटर्न बसत नाही कारण तो अजून तयारच झालेला नाही, बाळाला दिवस-रात्र कळायला साधारण तीन महिने लागतात. रडणंही सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, नंतर उतरतं.

तुझी खरी अडचण मला वयापेक्षा सवयीची वाटते. ऑफिसात मेहनत केली की काहीतरी दिसतं, निदान कोणीतरी शाबास म्हणतं, इथे दिवसभर राबून संध्याकाळी तेच दुपटं आणि तेच रडणं. वयाचं म्हणशील तर जागरण या वयात जास्त बाधतं, आणि मैत्रिणींची मुलं एव्हाना शाळेत, म्हणजे रात्री फोन करायला कोणी नाही, हे जास्त टोचतं. जावेचं हसणं बघून ठरवू नकोस हं, फोन ठेवल्यावर तिचं काय चालतं ते तिलाच विचार. कदाचित तिला वाटत असेल, हिची निदान नोकरी तरी उभी राहिलीय, माझी सुरूही नाही झाली.

ऑफिसची ओढ वाटते तर वाटू दे, त्यात वाईट आई कुठून आली? फक्त तयारी आधीपासून कर. अंगावर पाजत राहायचं असेल तर दोन-तीन आठवडे आधी दूध काढून ठेवायला लाग आणि ते दुसऱ्या कोणाच्या हातून पाजून बघ. काढलेलं दूध बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. रात्री सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी नवऱ्याशी ठरवून घे, "मदत लागली तर सांग" वर भागवू नकोस.

बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे रडू येतं ते बहुतेकींचं आपोआप ओसरतं, पण तुला अजूनही रोज रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जाच. थायरॉईडही तपासून घे, बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो आणि थकवा समजून राहून जातो. स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर मात्र त्याच दिवशी जा.

आणि ती एक्सेल नवऱ्याला मेल कर, त्याच्या पाळीत तो भरेल.