वेळ संपली म्हणजे लिखाण फसलं, असं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑर्डर प्रायमरीवर (लिखाण घेणाऱ्या मुख्य डेटाबेसवर) लिहायची, पुढचं पान रेप्लिकावरून (मागोमाग तेच बदल घेणाऱ्या प्रतीवरून) वाचायचं, आणि मध्ये रेप्लिका तिथवर पोचेपर्यंत थांबणारं एक फंक्शन. त्याला टाइमआऊट (थांबण्याची कमाल मुदत) किती द्यावा, आणि वेळ संपल्यावर एक्सेप्शन टाकावं की फॉल्स द्यावं?

किती सेकंद हे नंतर बघू. वेळ संपण्याचा अर्थ आधी ठरवा, कारण माझे हात तिथेच पोळले आहेत. एका जुन्या नोकरीत आम्ही टाइमआऊटला सरळ एक्सेप्शन टाकत होतो. वरच्या कोडला तो कुठल्याही एररसारखाच वाटला आणि त्याने सवयीप्रमाणे रिट्राय केला. रात्री लॉग उघडला तर तीन ओळी: 'कमिट झालं' (म्हणजे लिखाण पक्कं झालं), पाच सेकंदांनी 'टाइमआऊट', आणि लगेच पुन्हा 'कमिट झालं'. एकाच पैशाच्या दोन पावत्या. लिखाण पहिल्याच ओळीत झालेलं होतं. फसलं होतं ते फक्त वाट बघणं.

मोंगोडीबीच्या 'डब्ल्यू-टाइमआऊट'चंही हेच. वेळ संपली की राइट कन्सर्नचा (किती प्रतींनी पोच द्यावी या अटीचा) एरर येतो, पण प्रायमरीवर झालेलं लिखाण मागे घेतलं जात नाही. पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस रेप्लिकेशनची (रेप्लिकाकडून पोच येण्याची) वाट बघणारा कमिट तुम्ही रद्द केलात, तर तो एररऐवजी वॉर्निंग देतो: व्यवहार इथे कमिट झालाय, स्टँडबायवर (म्हणजे रेप्लिकावर) पोचला नसेल. मला हे वागणं प्रामाणिक वाटतं. उलट मायएसक्यूएलचं सेमी-सिंक (रेप्लिकाच्या पोचेसाठी ठरावीक मुदतीपर्यंत थांबणं) मुदत संपली की असिंक्रोनसवर, म्हणजे पोचेची वाट न बघण्यावर, जातं आणि कमिट पुढे जाऊ देतं. ती मुदत डीफॉल्टने १०,००० मिलिसेकंद असते. बाहेरून पाहणाऱ्या क्लायंटला काही बदललंय याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून खरं-खोटं परत देऊ नका, एक्सेप्शनही नको. निकालाला नावं द्या: 'पोचलं', 'वेळ संपली', आणि तिसरं 'ही आता रेप्लिकाच राहिली नाही'. वाट बघत असताना फेलओव्हर (प्रायमरी पडल्यावर रेप्लिकाने तिची जागा घेणं) होऊन तीच मशीन प्रायमरी झाली, तर त्याला टाइमआऊट म्हणणं चुकीचं. सोबत रेप्लिका कुठवर आली तेही द्या. रेडिसची 'वेट' आज्ञा वेळ संपली तरी किती रेप्लिकांनी पोच दिली तो आकडा देते, आणि कॉल करणारा त्यावरून स्वतः ठरवतो.

शून्याचा घोळ आत्ताच मिटवा. रेडिसच्या 'वेट'मध्ये शून्य म्हणजे कायम थांब, पोस्टग्रेसच्या 'लॉक टाइमआऊट'मध्ये शून्य म्हणजे मर्यादाच नाही. नवीन माणूस मात्र शून्य लिहितो ते 'अजिबात थांबू नको' या अर्थाने. कायम थांबण्यासाठी वेगळा, उघड पर्याय ठेवा, आणि एकक पॅरामीटरच्या नावातच लिहा. रेडिस मिलिसेकंद घेतं, मायएसक्यूएलचं जीटीआयडीची (व्यवहाराच्या ओळख-क्रमांकाची) वाट बघणारं फंक्शन सेकंद. एक आकडा इकडून तिकडे चिकटवला की हजारपट फरक.

तुमच्या कोडमध्ये लूप आहे आणि तुम्ही प्रत्येक रेप्लिकाला पूर्ण टाइमआऊट देताय, ते बदला. चार रेप्लिका आणि दहा सेकंद म्हणजे वाईट दिवशी चाळीस सेकंद. फंक्शनमध्ये शिरताच डेडलाइन काढा आणि प्रत्येक वेळी उरलेला वेळच पुढे द्या. त्यासाठी मोनोटोनिक (फक्त पुढेच जाणारं) घड्याळ वापरा, म्हणजे मशीनची वेळ मागेपुढे सरकली तरी हिशेब बिघडणार नाही.

वाट कशाची बघायची? 'लॅग किती सेकंद' (रेप्लिका किती मागे आहे) याची नाही. पोस्टग्रेसमध्ये शेवटच्या रिप्ले झालेल्या (रेप्लिकावर लागू झालेल्या) व्यवहाराची वेळ घेऊन वजाबाकी केली, तर प्रायमरी शांत असतानाही लॅग वाढताना दिसतो. कमिटनंतर प्रायमरीवरून एलएसएन (बदलांच्या लॉगमधली जागा) घ्या आणि रेप्लिकाने तिथपर्यंत रिप्ले केलंय का ते बघा. बदल रेप्लिकाला नुसता मिळून उपयोग नाही, क्वेरीला डेटा दिसतो तो रिप्ले झाल्यावरच.

आता सेकंद. पोस्टग्रेसच्या स्टँडबायवर लांबलचक रिपोर्ट चालू असेल आणि येणारा बदल त्याच्या आड आला, तर रिप्ले 'मॅक्स स्टँडबाय स्ट्रीमिंग डिले'पर्यंत, म्हणजे डीफॉल्टने ३० सेकंदांपर्यंत, थांबू शकतो. नेटवर्क ठणठणीत असलं तरी. त्यामुळे त्या ३० सेकंदांशी स्पर्धा करू नका. पान उघडायची वाट बघणाऱ्या माणसासाठी मी अर्धा सेकंद ठेवीन, रात्रीच्या बॅच जॉबला खुशाल मिनिटभर. म्हणूनच टाइमआऊट ग्लोबल सेटिंगमध्ये न ठेवता कॉल करणाऱ्याने द्यावा, आणि डीफॉल्ट नसावाच.

वेळ संपली की प्रायमरीवरून वाचा, पण त्या वाचनांवरही मर्यादा घाला. रेप्लिका मागे पडतात त्या बहुतेकदा प्रायमरीवर लिखाणाचा लोंढा आल्यावर, आणि त्याच क्षणी सगळी वाचनं तिच्यावर लोटलीत तर ती आडवी होईल. मर्यादेपलीकडच्यांना 'ऑर्डर नोंदली आहे, तपशील थोड्या वेळात दिसेल' असं पान दाखवा. ते खरंही असतं, कारण कमिट झालेलं असतं.