हॉर्नबी रोडवाले हॉर्नबी मूळचे कुठले?

प्रश्न : आमचे आजोबा फोर्टात नोकरीला होते, ते शेवटपर्यंत डी. एन. रोडला हॉर्नबी रोडच म्हणायचे. परवा मुलीच्या ऑक्सफर्ड डिक्शनरीवर ए. एस. हॉर्नबी असं नाव दिसलं. हे सगळे एकाच खानदानातले का? आणि यातला हॉर्न म्हणजे शिंगच ना?
– एक वाचक, दादर

उत्तर : शिंगाचा बहुतेक काही संबंध नाही. हॉर्नबी हे आधी गावाचं नाव, मग माणसांचं. नवव्या शतकात डेन्मार्क-नॉर्वेकडचे व्हायकिंग इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात आले, लढले आणि मग तिथेच शेती करून राहिले, त्यांच्या भाषेत ‘बी’ म्हणजे वस्ती, वाडी. व्हिटबी, ग्रिम्सबी, सेल्बी ही सगळी त्यांचीच गावं. हॉर्नबी म्हणजे होर्नी नावाच्या कुणा माणसाची वाडी, असा अर्थ अभ्यासक सहसा लावतात. लँकाशायरमधलं हॉर्नबी तर १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करून घेतलेल्या जमिनीच्या नोंदीत, सापडतं.

आता आडनाव कसं झालं ते बघा, हे आपल्याला समजायला एकदम सोपंय. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून काय उपयोग, तिथे सगळेच चिपळूणचे! तो साताऱ्याला नाहीतर पुण्याला गेला की मग लोक चिपळूणकर म्हणतात. तिकडेही तेच झालं, गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला ‘हॉर्नबीचा’ म्हणायला लागले, आणि साधारण बाराव्या ते पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी नावं बापाकडून मुलाकडे जायला लागली, मग मुलाने ते गाव बघितलेलं असो वा नसो.

आणि इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. हॉर्नबी नावाचं गाव एकच नाही! लँकाशायरमध्ये आहे, यॉर्कशायरमध्येही आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे हॉर्नबी कॅसल आहे. त्यात एकाच गावातून एकमेकांचे कुणीही नसलेले दोघं बाहेर पडले तरी दोघंही हॉर्नबीच. म्हणून नुसत्या आडनावावरून नातं जोडू नका, प्लीज. इंटरनेटवर पैसे घेऊन ‘तुमच्या आडनावाचं राजचिन्ह’ विकणारे असतात त्यांच्या तर नादीच लागू नका, इंग्लंडमध्ये ते चिन्ह विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. नातं शोधायचं तर चर्चची रजिस्टरं बघायची, १५३८ पासून तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचा हुकूम आहे, आणि एकेक पिढी मागे जायचं.

तुमच्या आजोबांच्या रस्त्याचे हॉर्नबी म्हणजे विल्यम हॉर्नबी, १७७१ ते १७८४ मुंबईचे गव्हर्नर. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून भरतीचं पाणी थेट आत घुसायचं, ते अडवणारा बांध यांच्या काळातला, हॉर्नबी वेलार्ड. आज हाजी अलीसमोरून बस जाते ना, तोच! रस्त्याला कुणाचंही नाव द्या, पण मला विचाराल तर या बांधाइतकं मुंबईला जोडणारं काम त्या शतकात दुसरं झालं नाही. डिक्शनरीवाले हॉर्नबी पार वेगळे, जन्म १८९८ चा, चेस्टरचे, जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि तो शब्दकोश पहिल्यांदा तिथेच निघाला, १९४२ मध्ये. मेकॅनो आणि खेळण्यातल्या रेल्वेवाले फ्रँक हॉर्नबी लिव्हरपूलचे. आणि क्रिकेटवाल्यांसाठी, १८८२ च्या ज्या ओव्हल टेस्टमध्ये इंग्लंड ७ रनांनी हरलं आणि त्यातून ‘अ‍ॅशेस’ नाव पडलं, तेव्हाचे कॅप्टन ए. एन. हॉर्नबी, ब्लॅकबर्नच्या कापड गिरणीवाल्यांच्या घरातले.

जाता जाता, महालक्ष्मीला रेसकोर्सवर दरवर्षी डर्बी होते त्या नावातही हाच ‘बी’ बसलाय. रेसला नाव मिळालं अर्ल ऑफ डर्बीवरून, १७८० साली, पण त्या घराण्याचं आडनाव मात्र स्टॅन्ली. डर्बी ही नुसती पदवी!