दिवसभर कोणाशी बोललोच नाही

"ताई, वय 31, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, गेली तीन वर्षं पूर्ण वर्क फ्रॉम होम. आईवडील दुसऱ्या गावी, इथे फ्लॅटमध्ये मी एकटाच. सुरुवातीला भारी वाटलं, प्रवास नाही, कोणाची कटकट नाही. आता असं होतं की संध्याकाळी कुरिअरवाला ओटीपी विचारतो आणि तोंडातून आवाजच फुटत नाही, घसा खाकरावा लागतो, तेव्हा कळतं की कालपासून आपण बोललेलोच नाही. मित्र बोलावतात तर ऐन वेळी काहीतरी कारण सांगून टाळतो आणि रात्री त्यांचेच फोटो बघत बसतो. परवा टीममधल्या एकाने माझ्या लांबलचक मेसेजला नुसतं 'ओके.' लिहिलं, दोन तास तेच डोक्यात. मॅनेजरला सांगायची भीती वाटते. माझ्यातच काही खोट आहे का? नोकरी सोडू का?
म्यूटवरचा"

अरे म्यूटवरच्या,

खोट नाही रे तुझ्यात. हे तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, ऐक. चीनमधल्या सीट्रिप नावाच्या ट्रॅव्हल कंपनीने कोविडच्या कितीतरी आधी, 2010 च्या शेवटाला, आपल्या कॉल सेंटरमध्ये एक प्रयोग केला होता. ज्यांनी स्वतः हात वर करून 'आम्हाला घरून काम द्या' म्हटलं होतं त्यांच्यातल्या पात्र ठरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना नऊ महिने, आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. काम 13 टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले, कंपनी खूश. मग त्यांना विचारलं की आता पुढे काय हवंय, तर घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे म्हणाले की आम्हाला परत ऑफिसला यायचंय. जाण्यायेण्याची दगदग पुन्हा अंगावर घ्यायला तयार! आणि मोठं कारण काय, तर घरी एकटं पडायला होतं. हे सगळे हौसेने घरी गेलेले लोक होते हे लक्षात घे. ब्रिटनने 2018 मध्ये आणि जपानने 2021 मध्ये एकटेपणाचं खातं सांभाळायला चक्क मंत्री नेमले, त्याने किती फरक पडला ते सोडून दे, पण ही काही तुझ्या एकट्याच्या स्वभावाची भानगड नाही एवढं तरी पटावं.

आता तुझ्या पत्रातलं मला जे दिसलं ते सांगते. तुला मित्र आहेत, ते बोलावतात, आईवडील आहेत. म्हणजे जीव लावणारं माणूसच नाही अशातली गत नाही. रॉबर्ट वाइस नावाचा एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होता, त्याने 1973 मध्येच एकटेपणाचे दोन प्रकार मांडले, एक जवळचं माणूस नसण्याचा आणि दुसरा गोतावळा नसण्याचा, आणि त्याचं म्हणणं असं की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. तुझा मला दुसऱ्या प्रकारातला वाटतो. म्हणूनच आईशी रात्री तासभर फोनवर बोललास तरी सकाळी लॅपटॉप उघडताना तेच रितेपण, आणि मग तुला वाटतं की बोलूनही बरं वाटत नाही म्हणजे आपलंच काहीतरी बिघडलंय.

ऑफिसमध्ये जे मिळत होतं त्याला आपण कधी हिशोबातच धरलं नाही. लिफ्टमधला तो माणूस, ज्याचं नावही माहीत नाही पण ओला दिसलास की 'भिजलात वाटतं' म्हणणार, सिक्युरिटीवाल्याचं नुसतं मान हलवणं, मीटिंग रूमकडे चालता चालता कोणीतरी काढलेली क्लायंटची नक्कल. यातलं कोणी तुझा मित्र नव्हतं. पण जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या दोघींनी 2014 मध्ये छापलेल्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं की अशा ओळखीपाळखीच्या लोकांशी ज्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं त्या दिवशी माणसं जास्त खूश असतात, आपण कुठेतरी आहोत असं त्यांना वाटतं. तुझं ते सगळंच्या सगळं गेलंय आणि जागेवर काहीच आलं नाही.

त्यात तुझं काम टेस्टिंगचं! हे मला पत्र दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं. दिवसभरात तुझा लोकांशी जो काही संबंध येतो तो 'इथे चुकलंय' एवढाच. बग (म्हणजे प्रोग्राममधली चूक) टाक, रीओपन कर, त्यावर डेव्हलपरची, म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्याची, कॉमेंट की 'माझ्या मशीनवर चालतंय', मग तू स्क्रीनशॉट जोड, मग तो 'नॉट रिप्रोड्यूसिबल', म्हणजे 'माझ्याकडे तसं होतच नाही', असं लिहून बंद करणार. ऑफिसात असतास तर त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला असतास, तो आधी वैतागला असता, मग त्याच्यासमोरच ते क्रॅश झालं असतं आणि दोघंही हसला असतात, आणि त्यातून तुला हेही कळलं असतं की त्याची मुलगी रात्रभर तापाने जागी होती. आता फक्त भांडणाचा भाग उरलाय, हसण्याचा गेला. मग अशा माणसाचं 'ओके.' आलं की ते टोचणारच ना.

आणि त्या 'ओके.'वर दोन तास घालवलेस त्याचंही कारण आहे. जॉन कॅसिओपो नावाच्या शास्त्रज्ञाने कितीतरी वर्षं एकटेपणाचा अभ्यास केला, त्याचं सांगणं असं की एकटं पडलेल्या माणसाचं मन सतत पहाऱ्यावर असतं, कोणी आपल्याला टाळतंय का, कोणाच्या बोलण्यात खोच आहे का. म्हणजे ज्याला माणसांची सगळ्यात जास्त गरज असते त्यालाच माणसं जास्त बोचतात. आणि बोचतात म्हणून तो जातच नाही. तू ऐन वेळी कॅन्सल करतोस ते हेच आहे, फक्त तू त्याला 'आज थकलोय' म्हणतोस. इथे मी तुला जरा रागावणार आहे. तुझे मित्र अजून बोलावतायत, पण चार वेळा नाही ऐकलं की माणसं बोलावणं सोडतात, रागाने नाही, तर 'त्याला नको असेल' असं वाटून. तेव्हा जायचं की नाही हे संध्याकाळी सात वाजता सोफ्यावर पडून ठरवायचंच नाही. दुपारीच एकाला सांगून ठेव की मला घ्यायला ये, किंवा मी तुला घ्यायला येतो, म्हणजे टाळायचं तर एका माणसाला तोंडावर सांगावं लागेल. आणि मनाशी म्हण की पाऊण तास बसून निघेन. निघालास तरी चालेल, पाऊण तास हिशोबात धरला जातो.

कामातलं आधी सांगते कारण ते उद्यापासून होण्यासारखं आहे. रोज एक बग, एकच, लिहून न टाकता डेव्हलपरला कॉल करून स्क्रीन शेअर करून दाखव, 'पाच मिनिटं आहेत का, दाखवतो' एवढंच लिही. तिकीट, म्हणजे बगची लेखी नोंद, नंतर टाक. आणि जे काही तीन मेसेजच्या वर चाललंय ते कॉलवर ने, कारण लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो आणि तुझं मन सध्या जो आवाज लावतंय तो फार वाईट आहे. दुसरं, तुझ्यासारखाच घरून काम करणारा एखादा जुना कलीग गाठ, कंपनी वेगळी असली तरी चालेल, आणि आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल लावून दोघांनी आपापलं काम करायचं, माइक बंद, बोलायचं फक्त सुरुवातीला आणि शेवटी. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण कोपऱ्यात कोणीतरी मान खाली घालून टाइप करतंय एवढ्यानेही खोली वेगळी वाटते. कॅमेऱ्याचा कंटाळा येत असेल तर स्वतःचा चौकोन लपवून टाक, ती सोय असते. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सनने 2021 मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची कारणं मांडली त्यात दिवसभर स्वतःचाच चेहरा बघत बसणं हे एक आहे.

घराबाहेरचं मात्र सावकाशीचं काम आहे. लोक तुला सांगतील की मीटअपला जा, ट्रिपला जा, कुत्रा पाळ (नुसतं एकटं वाटतंय म्हणून कुत्रा आणू नकोस रे बाबा, त्या जिवावर अन्याय आहे). मी म्हणेन एकच गोष्ट पकड जी दर आठवड्याला, त्याच वारी, त्याच लोकांसोबत होते. बॅडमिंटन, गाण्याचा क्लास, वाचनालय, नाटकाच्या तालमी, काहीही, तू त्यात चांगला असायलाच हवं असं नाही, उलट थोडा कच्चा असलास तर लोक मदतीला येतात आणि बोलणं सुरू होतं. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन संशोधकाने 2018 मध्ये हिशोब मांडला होता की ओळखीचं रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला साधारण 50 तास लागतात आणि घट्ट मैत्रीला 200 च्या वर. आता आठवड्याला दीड तास धरलास तर 50 तासांना आठ महिने लागतात. म्हणून दोनदा गेलास, कोणी विशेष बोललं नाही, आणि 'मला जमत नाही लोकांशी' असा निकाल लावून घरी बसलास तर तो निकाल फारच घाईचा आहे. को-वर्किंगबद्दलही (भाड्याने जागा घेऊन अनेकांसोबत बसायचं ऑफिस) हेच, नुसते पैसे भरून हेडफोन घालून बसलास तर घरी काय वाईट होतं? जायचं तर ठरलेल्या दिवशी आणि शक्यतो त्याच जागेवर, म्हणजे शेजारचा चेहरा ओळखीचा होतो.

एक मात्र नीट वाच. झोप उडालीये, भूक लागत नाही किंवा उगाच खात सुटतोस, आवडीच्या कशातच मन लागत नाही, आणि हे रोजच्या रोज दोन आठवड्यांच्या वर चाललंय, तर ते नुसतं एकटेपण नसेल, डिप्रेशन असू शकतं, आणि त्याला माझे हे सल्ले पुरणार नाहीत, डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जायचं. जगून काय करायचं असे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नकोस, आजच कोणालातरी सांग आणि डॉक्टर गाठ.

मॅनेजरला 'मला एकटं वाटतंय' असं सांगायची भीती वाटते ना, मग नको सांगूस, तुझं मन त्याच्यासमोर मोकळं करायलाच हवं असं कुठे आहे. त्याला करता येईल असं काहीतरी माग. 'रिलीजच्या आधीचे दोन दिवस टीमने एकत्र बसून टेस्टिंग केलं तर बग लवकर सुटतील, ज्यांना जमेल ते येतील, चालेल का?' असं लिही. यात खोटं काहीच नाही आणि मॅनेजर लोकांना रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर पडायची वेळ, म्हटलं की कान टवकारायची सवय असतेच.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. आत्ता नको, तीन महिने वरचं सगळं करून बघ, कारण या मनःस्थितीत बदललेल्या नोकरीत पहिले काही महिने तू नवखा असणार आणि तिथेही प्रत्येक 'ओके.' मोजत बसणार. तीन महिन्यांनंतरही तसंच वाटलं तर खुशाल ऑफिसची नोकरी शोध, काही माणसांना घरून काम मानवत नाही, त्यात हरलास वगैरे काही नाही. पण इंटरव्ह्यूमध्ये ऑफिस आहे का एवढंच विचारून थांबू नकोस. माझी टीम त्याच ऑफिसात बसते का, आठवड्यातले कोणते दिवस सगळे एकत्र येतात, आणि डेव्हलपर कुठे बसतात, हे तीनही विचार. नाहीतर तासभर प्रवास करून जाशील आणि दिवसभर हेडफोन लावून दुसऱ्या शहरातल्या लोकांशी कॉलवर बोलत बसशील.

तुझी ताई