वडिलांना (वय ७४) जेवताना, विशेषतः पाणी पिताना सारखा ठसका लागतो. वयामुळे होत असेल का?

‘वय झालं, चालायचंच’ असं नातेवाईक सांगतील. ऐकू नका.

माझ्या बाबांना पक्षाघात झाला तेव्हा लुळा पडलेला हात सगळ्यांना दिसला, घसा कुणाला दिसला नाही. तो पाहिला स्पीच थेरपिस्टने (हो, गिळणं तेच तपासतात). चमच्याने पाणी देऊन बघितलं आणि बजावलं, पातळ काही द्यायचं नाही. पाणी झरकन उतरतं, श्वासनलिका मिटायच्या आतच. दुबळ्या घशाला त्यापेक्षा नाचणीचं दाटसर सत्त्व सोपं जातं.

घरी आणल्यावर आत्या आली. “माझ्या भावाला घोटभर पाणी नाही? तहानेनं मारतेस का गं त्याला?” मी स्वयंपाकघरात असताना तिने त्यांना पडल्यापडल्याच भांडंभर पाणी पाजलं. ठसका लागला नाही, म्हणून ती आजही म्हणते की काही झालंच नव्हतं. अहो, घशाची जाणीवच गेली असेल तर पाणी फुप्फुसात जातं आणि खोकलासुद्धा येत नाही! आवाज तेवढा ओला, घुरघुरता येतो. बाबांचा आला. त्याच आठवड्यात ताप, मग न्यूमोनिया. आत्याच्या मते एसी बाधला.

तुमच्या वडिलांना पाण्यानेच जास्त ठसका लागतो, तेव्हा आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. पार्किन्सन्समध्येही असं होतं. घास छातीत अडकतो, आधी पोळी, मग भात, मग पातळही, असं असेल तर ते दुखणं अन्ननलिकेचं. त्यात वजन उतरत असेल तर पित्ताच्या गोळ्या खात बसू नका, दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्या.

तोवर ताठ बसवून भरवा, लहान घोट द्या, जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. आणि भेटायला येणाऱ्यांच्या हाती पाण्याचं भांडं देऊ नका, मग ते कितीही सख्खे असोत.

हां, सगळं घट्ट करून देणं प्रत्येकालाच लागतं असं नाही. त्याने माणूस पाणी कमी पितो, अंगातलं पाणी घटतं. तेव्हा किती दाट द्यायचं ते तपासणी करणाऱ्यालाच ठरवू द्या. तहानेबद्दल आत्या तेवढ्यापुरती बरोबर होती. म्हणून मी बाबांचे ओठ, जीभ ओल्या कापडाने पुसायचे, दात रोज घासून द्यायचे, कारण तोंडातले जंतूच लाळेपाण्याबरोबर फुप्फुसात उतरतात. हे तिला तेव्हाच सांगितलं होतं. तिला आठवत नाही म्हणे.