एमएस असताना खान्देशातला उन्हाळा आणि थकवा कसा सांभाळायचा?

ताई, तुमचा प्रश्न असा: मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) निदान होऊन वर्ष झालं, लग्न होऊन भुसावळला आलात, मार्चपासून दुपारी पाय ओढत चालावं लागतं, डोळ्यांपुढे धूसर होतं, चार भांडी घासली की अंग गळून जातं. नवीन एमआरआयमध्ये काही वाढलेलं नाही, तरी आजार वाढतोय का? आणि घरच्यांना हा आळस वाटतो, त्याचं काय करायचं?

मी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे आणि एमएस घेऊन बरेच उन्हाळे काढलेत. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं तुमच्या न्यूरोलॉजिस्टलाच विचारा. बाकीचं सांगते.

उन्हाने त्रास वाढला म्हणून आजार वाढला असं होत नाही. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये लिहून ठेवलंय की एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रम केले की मंद होते आणि विसावा घेतला की परत येते. खरं कारण अंगाचं वाढलेलं तापमान, हे पुढे कळलं. एमआरआय नव्हता तेव्हा तर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं उमटतात का ते बघायचे! ती तपासणी आता कोणी करत नाही, पण भुसावळचा मे महिना आपल्याला फुकटात तीच करून दाखवतो.

आतून काय होतं ते आमच्या मालकांना मी केळीच्या बागेतच समजावलं. ठिबकची नळी मधे चिरली असेल आणि मोटारीचा दाब पुरेसा असेल, तर शेवटच्या खोडापर्यंत पाणी कसंबसं पोचतं. व्होल्टेज जरा पडलं की धड नळ्या अजून पाणी देतात, चिरलेल्या नळीचं टोक मात्र कोरडं. आपल्या नसांवरचं मायलिन, म्हणजे ते आवरण, जिथे गेलंय तिथे संदेश असाच काठावर चाललेला असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडतो. अंग थंड झालं की पुन्हा सुरू होतो, आणि या अडण्याने नस आणखी खराब होत नाही. मालकांना त्या दिवशी जे पटलं ते इतक्या वर्षांच्या रिपोर्टांनी पटलं नव्हतं.

एमएसचा खरा अटॅक, म्हणजे आजाराने खरंच उचल खाणं, ओळखायची खूण अशी: लक्षण नवं असेल किंवा जुनंच परत आलं असेल, ते चोवीस तासांपेक्षा जास्त टिकलं, अंग थंड करूनही हटलं नाही, आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसेल, तर डॉक्टरांना फोन करा. डोळा हलवताना दुखतोय आणि त्याच डोळ्याने कमी दिसतंय, असं असेल तर चोवीस तासही थांबू नका. ताप असेल तर आधी तापाचं कारण शोधा. बायकांमध्ये ते बऱ्याचदा लघवीचा संसर्ग असतं. एमएसमध्ये लघवीला घाई होते, म्हणून आपण पाणीच कमी पितो, शाळेत किंवा एसटीत तर पीतच नाही. त्यातून संसर्ग, त्यातून ताप, आणि तापाने पाय लुळे. पाण्यावर कात्री लावू नका, फार तर प्रवासाआधीचा तास सोडा.

आता माझं मुख्य म्हणणं. उष्णतेचा त्रास आणि एमएसचा थकवा ही दोन वेगळी खाती आहेत. आपल्याकडे ऊन एवढं असतं की सगळं त्याच्याच नावावर टाकलं जातं. मग कूलर घेतला, एसी घेतला, तरी डिसेंबरात बाई आडवीच, आणि घरचे म्हणतात, आता कुठे ऊन आहे? माझ्या सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "दिनभर पडेलच ऱ्हास," म्हणजे दिवसभर पडलेलीच असते. एमएसचा थकवा रात्रभर झोपून उठल्यावरही असतो, कामाच्या मानाने कितीतरी जास्त असतो, आणि डोक्यालाही येतो. हजेरी घेताना समोर बसलेल्या मुलाचं नाव आठवत नाही, असा. एमएसच्या बहुसंख्य रुग्णांना तो असतो.

उष्णतेच्या खात्यावर उपाय लवकर लागू पडतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते, आणि ते आपल्या पथ्यावर पडतं. ओला पंचा मानेवर आणि पंख्याचा वारा, यात जी थंडी मिळते ती मुंबईच्या दमट हवेत मिळणार नाही. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच कारणाने चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. काम झाल्यावर थंड होण्यापेक्षा कामाआधी थंड व्हा, हे मला फिजिओथेरपिस्टने शिकवलं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. स्वयंपाकाला लागण्याआधी गार पाण्याने अंघोळ, मनगटं आणि मान ओली, हाताशी बर्फ घातलेलं पाणी, मधूनमधून घोट. सब्जा, गुलकंद कोणी दिलं तर प्या, गार आहे तेवढा फायदा.

वेळही बघा. माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपारनंतर, संध्याकाळकडे चढतं. म्हणून भाकरी, भाजी, केर-फरशी जे काही जड आहे ते पहाटे. आपल्या आयाबाया उन्हाळ्यात तसंही हेच करायच्या. पाळी यायच्या आधीचे दिवसही वाईट जातात काहींचे, कारण त्या दिवसांत शरीर मुळातच थोडं जास्त गरम असतं. आपल्याला तसं होतं का ते कॅलेंडरवर खुणा करून बघा.

उन्हाळकामांचं मात्र स्पष्ट सांगते. बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ चुलीवर घाटणं हे तुमचं काम नाही, कोणी कितीही टोमणे मारोत. जाळ, वाफ, वरून चैत्राचं ऊन, यातून तुम्ही दुपारी उभ्या राहणार नाही. सावलीत बसून लाटायला किंवा पापड मोजून डब्यात भरायला जा. आणि पायांना बधिरपणा असेल तर धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, वाळवण पसरायला अनवाणी चढू नका. फोड आलेले कळतही नाहीत. अंघोळीचं पाणीसुद्धा बधिर हाताने नाही, कोपराने बघायचं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जावं का, असंही तुम्ही विचारलंय. जरूर जा. पहाटेची गाडी धरा, झोका सावलीत बांधायला सांगा, आणि दुपारी झोपणार आहे हे भावजयीला आधीच कळवा.

थकव्याच्या खात्याला वेळ लागतो. आधी जे बरं होण्यासारखं आहे ते शोधून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व. रात्री लघवीला किती वेळा उठता, पाय आखडून झोप मोडते का, मन उदास असतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. स्नायूंचा ताठरपणा कमी करायला बॅक्लोफेन घेत असाल तर त्यानेही गुंगी येते. आमच्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन बघता, अर्धा थकवा एमएसचा नसतोच असं माझं मत झालंय.

थकव्यावर गोळी मागू नका असं म्हणणार नाही, पण आशा बेताची ठेवा. अमॅन्टाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तिन्हींची तुलना करणारी अमेरिकेतली चाचणी 2021 मध्ये आली. सरासरीने तिन्ही औषधं, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत आणि त्रास मात्र जास्त झाला. एखाद्याला गुण येतो, म्हणून डॉक्टर देऊन बघतात.

व्यायामाने उपयोग होतो, हे ऐकून राग येतो ते मला माहीत आहे. पण पहाटे, अंग थंड करून, सपाटीवर थोडं चालणं आणि बसून हातापायांचे हलके व्यायाम केले तर काही आठवड्यांनी फरक पडतो. व्यायामाने अंग गरम होऊन डोळे धूसर झाले तर थांबा, गार व्हा, घाबरू नका.

विश्रांती दमल्यावर घेतली तर उशीर झालेला असतो. दोन कामांच्या मधे, अजून ठीक वाटत असतानाच, वीसेक मिनिटं आडवं व्हायचं. हेच घरच्यांना आळशीपणाचं वाटतं, कारण धडधाकट दिसणारी बाई झोपलेली असते. मी एक केलं: यजमानांना सोबत घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे गेले आणि त्यांनाच प्रश्न विचारायला लावले. सासूबाईंना मात्र कशानेच पटलं नाही. पुढे त्यांना टायफॉइड झाला आणि उठल्यावर महिनाभर अंगात त्राण नव्हतं, तेव्हा एवढंच म्हणाल्या की तुझं रोजच असं असेल तर अवघड आहे.

एमएस 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात नावानिशी आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं तर प्रमाणपत्राचा नोकरीत उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयात जाताना जुने सगळे एमआरआय न्या आणि नंबर सकाळचा लावा. मी त्या कागदावर तळमजल्याचा वर्ग मागून घेतला.

तुम्ही इंटरफेरॉन किंवा ग्लाटिरामर ही एमएस आटोक्यात ठेवायची औषधं घेत असाल तर ती इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. आपल्या घरातलं "खोलीचं तापमान" एप्रिलमध्ये औषधाला चालणारं नसतं. लाइट गेली की फ्रिज उघडू नका, आणि आइसबॉक्समध्ये ठेवलं तर बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं की वाया.

आणि मे संपला म्हणून सुटका झाली असं समजू नका. पहिला पाऊस पडून गेल्यावरचे जूनचे दिवस मला मेपेक्षा जड जातात. हवा दमट होते, घाम वाळत नाही, कूलर लावला तर उलट कोंदट होतं. तेव्हा कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा लावा, बादलीत गार पाणी घेऊन पाय त्यात ठेवा, आणि नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते, म्हणून मी रजा मेमध्ये न घालवता त्या आठवड्यांसाठी राखून ठेवते. एसी एकाच खोलीत बसवण्याइतके पैसे असतील तर झोपायच्या खोलीत बसवा, आणि भुसावळच्या लाइटीचा भरवसा नसेल तर आधी इन्व्हर्टर घ्या, एसी नंतर.